शेकडा शहाण्णव मान

"एका आठवड्यात सगळी माहिती गोळा करून दाखवतो, बरं का!" असं म्हणून सरांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटला. पेल्यातलं पाणी हिंदकळलं. आईंनी पेला शांतपणे बाजूला सरकवला.

"हे तू मागच्या वर्षीही म्हणाला होतास," आई म्हणाल्या.

"मागच्या वर्षीचं वेगळं होतं. मागच्या वर्षी मी वाचन करत होतो."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी वाचायचं काय, ते ठरवत होतो!"

सर म्हणजे शिक्षकांचे शिक्षक. उद्या जे शिक्षक होणार, त्यांना कसं शिकवायचं ते हे शिकवतात. स्वतःच्या डॉक्टरेटचं घोडं मात्र इतकी वर्षं अडलेलं, की पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसऱ्यांनी गावच बदललं, आणि तिसऱ्या मार्गदर्शक मॅडम आल्या त्या थेट निर्वाणीचा निरोप घेऊनच आल्या. या सत्रात वर्गातली माहिती आली नाही, तर नोंदणी रद्द! विषय होता 'मिश्र अध्यापन पद्धती आणि विद्यार्थ्यांचा वर्गातील सहभाग'. नाव ऐकून छाती दडपते, पण आत तसं काही नाही. अर्धं शिकवायचं माणसानं, अर्धं शिकवायचं पडद्यावरच्या चित्रफितीनं, आणि बघायचं, पोरं कुठे रमतात.

"एवढंच?" आईंनी विचारलं.

"एवढंच नाही आई, त्याला चौकट लागते. नमुना लागतो. साधन लागतं."

"वर्ग लागतो की नाही?"

इथे सर थोडे नरमले, कारण वर्ग बाईंचा होता. बाई म्हणजे सरांची बायको. गावातल्या शाळेत सहावीला गणित शिकवतात, आणि शाळेतली सवय घरात शिरल्यामुळे त्यांना घरीदारी सगळेच बाई म्हणतात. सासूबाईसुद्धा.

"बसा की माझ्या वर्गात," बाई म्हणाल्या. "पण शेवटच्या बाकावर. आणि मध्ये बोलायचं नाही."

"मी निरीक्षक आहे. निरीक्षक बोलत नसतो. नुसतं बघतो."

"मग घरीही अधूनमधून निरीक्षक होत जा."

आई हसल्या. सरांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि चित्रफितींच्या तयारीला लागले. झोपायच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर लावली. वर कोट चढवला. खाली पायजमा तसाच ठेवला, कारण कॅमेऱ्यात कमरेपर्यंतच दिसतं. दोन दिवस घरात मिक्सर लावायला बंदी होती आणि आईंना खोकायचं असेल तर अंगणात जावं लागत होतं. "तर मुलांनो, अपूर्णांक म्हणजे काय, बरं का, तर लक्षात घ्या..." असा आवाज दाराआडून सारखा येत राहिला. चित्रफिती तयार झाल्यावर सरांनी त्या तीनदा पाहिल्या. तिन्ही वेळा त्यांना त्या आवडल्या.

शाळेत हेडसरांनी त्यांचं मोठं स्वागत केलं. हेडसर मूळचे भाषेचे शिक्षक. शाळेला नुकताच मोठा पडदा मिळाला होता आणि त्याचं नेमकं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्यात संशोधक चालून आलेला! एक दिवस पडदा, एक दिवस बाई, असं ठरलं आणि सर सहावीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

बसले म्हणजे अडकले. बाक सहावीच्या मापाचा आणि सर त्यांच्या मापाचे. गुडघे वर आले, फळी पोटाला लागली, आणि एकदा आत गेल्यावर बाहेर यायला पुढचा बाक ढकलावा लागे. पण खरी अडचण वेगळीच निघाली. मुलांचं लक्ष आहे की नाही, हे चेहऱ्यावरून ओळखायचं ठरलं होतं, आणि शेवटच्या बाकावरून एकही चेहरा दिसत नव्हता! नुसत्या पाठी. वेण्या, कॉलर, कान. आता हे काय मोजायचं?

सरांनी पेन कानामागे लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आणि एकदम त्यांना सुचलं. मान! मान वर असेल तर लक्ष आहे. मान खाली असेल तर लक्ष नाही. मागून चेहरा दिसत नाही, पण मान तर सगळ्यात चांगली मागूनच दिसते! आपल्याच हुशारीचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी तिथेच बसल्या बसल्या निरीक्षणाच्या कागदावरचे सगळे जुने रकाने खोडले आणि एकच रकाना आखला.

पडद्याचा दिवस आला, की वर्ग बघण्यासारखा असे. दिवे मालवले, पडदा उजळला, कोटातले सर प्रकटले, की सगळ्या माना ताठ! एक मूल इकडेतिकडे बघेल तर शपथ. मागच्या बाकावर बसलेल्या सरांची मानसुद्धा ताठ असे. स्वतःला एवढ्या मोठ्या आकारात त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. ते कागदावर खुणा करत जात, आणि प्रत्येक खुणेसरशी त्यांना वाटे, आपण उगाच शिक्षकांचे शिक्षक झालो, मुलांचे व्हायला हवं होतं.

बाईंच्या दिवशी मात्र सगळं उलटं. बाई फळ्यावर चार ओळी लिहायच्या, दोन वाक्यं बोलायच्या, की वर्गाच्या माना खाली! नुसत्या खालीच नाही, एकमेकांच्या वह्यांत घुसलेल्या. कुणी बाकावरून अर्धवट उठून शेजारच्याच्या कागदावर आडवा झालेला. कुणी खोडरबरासाठी हात पसरलेला. फळ्याकडे तोंड करून बसलेलं कुणी शोधूनही सापडेना. सर लिहीत गेले, खाली, खाली, खाली. आपल्याला बायकोबद्दल वाईट वाटतंय, असं ते स्वतःला सांगत होते. वाटतही होतं, नाही असं नाही. पण आत कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

घरी त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. "कसं चाललंय?" असं बाईंनी विचारलं, की "निष्कर्ष आधी फोडता येत नाहीत, बरं का," एवढंच म्हणायचे आणि भाजी वाढून घ्यायचे.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. माहिती गोळा झाली. हेडसर म्हणाले, "आमच्या शाळेत संशोधन झालं, त्याची एक प्रत आमच्या फायलीला हवी." सरांनी कागद कार्यालयातल्या लिपिकाच्या हवाली केले. लिपिक टापटिपीचा माणूस. कुठलाही मजकूर एका पानात बसला पाहिजे, हा त्याचा बाणा. 'मान वर असलेल्या विद्यार्थ्यांचे शेकडा प्रमाण' हे सरांचं लांबलचक शीर्षक रकान्यात मावेना. त्यानं ते छाटत छाटत आणलं आणि शेवटी एकच सुटसुटीत शब्द ठेवला. तक्ता असा तयार झाला: 'मान. बाई: शेकडा बावीस. सर: शेकडा शहाण्णव.' खाली रेघ मारली, शिक्का मारला, आणि हेडसरांच्या टेबलावर ठेवला.

त्या दिवशी बाई शाळेतून आल्या आणि पिशवी नेहमीपेक्षा हळू ठेवली. बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. सरांना हे ठाऊक होतं. पण सर त्या वेळी प्रस्तावना लिहीत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "मला वर्गात बावीस टक्के मान आहे म्हणे."

सरांनी वर बघितलं.

"आणि तुम्हाला शहाण्णव. तुम्हीच मोजलात म्हणे. हेडसरांनी तक्ता दाखवला. म्हणाले, बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण मुलं तुम्हाला मान देत नाहीत हे शास्त्रीय पद्धतीनं सिद्ध झालंय."

"काय? माझ्या सुनेला मान नाही?" आई आतून पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आणि हे कुणी सिद्ध केलं? यानं?"

"अगं, थांबा, थांबा!" सर ताडकन उठले. "अगं, मान म्हणजे मान नव्हे! मान म्हणजे ही मान!" आणि त्यांनी स्वतःच्या मानेवर फाडकन चापट मारली.

बाई काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. "ही?"

"ही! वर असली तर लक्ष आहे, खाली असली तर नाही. तुझ्या तासाला माना खाली असतात. मी काय करू?"

"माझ्या तासाला मुलं गणितं सोडवत असतात!" बाईंचा आवाज आता अगदीच खाली गेला. "गणित काय आढ्याकडे बघून सोडवतात?"

हा मुद्दा सरांच्या चौकटीत नव्हता.

"तीन आठवडे मागे बसलात," बाई म्हणाल्या. "पोरं काय करतायत ते एकदाही उठून बघावंसं वाटलं नाही?"

"बाकातून उठता येत नव्हतं गं."

आईंनी कपाळावर हात मारून घेतला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून सहावीचं सगळं गणित पडद्यावर देणार आहेत. मला ग्रंथालयात बसवणार. पुस्तकांना शिक्के मारायला. सोमवारी तुमच्या मॅडम येतायत, त्यांनी एकदा हो म्हटलं की पक्कं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पाचवीतून येतात ना पोरं, तेव्हा अपूर्णांक म्हटलं तरी त्यांना घाम फुटतो. दिवाणखान्यात साप निघाल्यासारखी करतात. वर्षभरानं तीच पोरं आपसांत भांडतात, माझं उत्तर बरोबर, तुझं चूक. तो वर्ग माझा आहे हो. दुसरं काही मागितलं नव्हतं मी या शाळेकडे."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्या आत गेल्या. सर उभेच राहिले. त्यांना फार वाईट वाटलं, आणि या वेळी गुदगुल्या अजिबात झाल्या नाहीत.

"उद्या सकाळी जाऊन हेडसरांना सांगतो," ते दाराकडे तोंड करून म्हणाले. "एका मिनिटाचं काम आहे, बरं का!" मग जरा वेळानं, हळूच, "पण माझे शहाण्णव तरी खरे आहेत."

आतून दाराला कडी लागली.

सकाळी सर हेडसरांच्या खोलीत हजर झाले. हेडसरांनी उठून हात मिळवला.

"या, या! शहाण्णववाले या!"

"सर, त्या तक्त्यात जरा गोंधळ झालाय. ती मान..."

"तो मान."

"नाही, ती मान..."

"सर," हेडसरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, "उभा जन्म मी भाषा शिकवली. मान पुल्लिंगी. तो मान. मान दिला, मान मिळाला, मान राखला. तुम्ही गणितवाले लिंगाकडे फार दुर्लक्ष करता."

"पण सर, मी म्हणतोय ती वेगळी. ती वर-खाली होते!"

"होणारच!" हेडसर खिन्न हसले. "मान कुणाचा कायम राहिलाय? मी आता निवृत्तीला आलो, तर घंटा वाजवणारासुद्धा मला विचारून वाजवत नाही. त्याचं काही मनाला लावून घ्यायचं नाही."

सरांना घाम फुटला. शब्दांनी काम होत नाही म्हटल्यावर त्यांनी हेडसरांकडे पाठ फिरवली, मान पुढे झुकवली आणि तिच्यावर बोटानं ठकठक करून दाखवलं. "ही! ही बघा! हिच्याबद्दल बोलतोय मी!"

"दुखतेय?" हेडसरांनी कळवळून विचारलं.

"दुखत नाही हो!"

"दुखणारच. तीन आठवडे त्या बाकावर बसलात. उशी बदला. कापसाची पातळ घ्या. माझ्या मेहुण्याला हाच त्रास होता." हेडसर टेबलाला वळसा घालून आले आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "शहाण्णव टक्के, सर! मला कधी साठसुद्धा मिळाला नसेल. सोमवारी तुमच्या मॅडमना अभिमान वाटेल बघा."

आता खरं तर सरांनी ओरडून सांगायला हवं होतं. टेबलावर चढून सांगायला हवं होतं. पण 'शहाण्णव' हा शब्द हेडसरांच्या तोंडून असा काही निघाला, की सरांच्या घशाशी आलेलं वाक्य तिथेच विरघळलं. ते "बरं, येतो," म्हणाले आणि बाहेर पडले.

"सांगितलंत?" घरी बाईंनी विचारलं.

"सांगितलं. त्यांनी माझं व्याकरण सुधारलं आणि उशी बदलायला सांगितली."

बाईंनी दोन कप चहा केला. एक स्वतःला, एक आईंना. सरांनी आपला आपण करून घेतला. त्यात साखर टाकायची राहिली, तरी ते मुकाट्यानं प्यायले. मॅडमना फोन लावून बघितला, तर त्या म्हणाल्या, "आकडे फोनवर सांगू नका. मी सोमवारी बघते," आणि फोन ठेवून दिला.

सोमवार उजाडला. मॅडम आल्या. ठेंगण्या, खांद्याला झोळी, बोलणं मोजकं. हेडसरांनी त्यांच्यासाठी शेवटच्या बाकाशेजारी गादीची खुर्ची मांडून ठेवली होती. मॅडमनी ती खुर्ची स्वतः उचलली, वर्गातून चालत पुढे आणली आणि पडद्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून ठेवली.

"इथून पडदा दिसणार नाही, मॅडम," हेडसर म्हणाले.

"मला मुलं बघायची आहेत," मॅडम म्हणाल्या आणि बसल्या.

बाई दाराशी उभ्या होत्या. हात घट्ट बांधलेले. सर भिंतीला टेकले. दिवे मालवले. पडद्यावर कोट आला.

"तर मुलांनो, आज आपण शेकडेवारी बघणार आहोत, बरं का! आता शेकडेवारी म्हणजे काय, बरं का, तर लक्षात घ्या..."

वर्गाच्या माना ताठ. श्वाससुद्धा ऐकू येईना. हेडसरांनी मॅडमकडे विजयी मुद्रेनं बघितलं. मॅडम मात्र डोळे बारीक करून मुलांच्या ओठांकडे बघत होत्या. मग बाकाखाली बघितलं. मग पुन्हा ओठांकडे. खिडकीकडच्या रांगांत मध्येच एक आनंदाची लाट येई. लगेच दाराकडच्या रांगा हिरमुसत. थोड्या वेळानं दाराकडे लाट, खिडकीकडे सुतक. आणि बाकाखाली सगळ्यांची बोटं चाललेली!

मॅडमनी हात वर केला. "थांबवा जरा."

कोटातले सर तोंड उघडं ठेवून पडद्यावर थिजले.

"बाळ, तू," मॅडमनी पुढच्या बाकावरच्या मॉनिटर मुलीला विचारलं. "आत्तापर्यंत सरांनी काय सांगितलं?"

मॉनिटर टुणकन उठली. "अठरा!"

"अठरा काय?"

"अठरा 'बरं का', आणि बारा 'लक्षात घ्या'!"

भिंतीला टेकलेले सर भिंतीला आणखी टेकले.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे खिडकीच्या बाजूला 'बरं का' दिलंय आणि दाराच्या बाजूला 'लक्षात घ्या'. ज्यांचं जास्त होईल, त्यांना मधल्या सुट्टीत चेंडू." मॉनिटरनं हे इतकं सरळ सांगितलं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटत नसावं. "लक्ष द्यावं लागतं खूप. सर कधीकधी दोन्ही एकदम म्हणतात."

"बारा नाही, तेरा झाले!" दाराकडून आवाज आला. "एक खोकल्यात गेला!"

"खोकल्यातला धरायचा नाही, ठरलंय आपलं!"

"अरे, पण शेकडेवारी?" सरांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"ती बाईंनी शिकवली की सर, आधीच," मॉनिटर म्हणाली. "पण तुमचा तास आम्हाला फार आवडतो! सगळ्यांत जास्त आवडतो!" मागून एक दाराकडचा मुलगा काकुळतीनं म्हणाला, "सर, पुढच्या वेळी 'लक्षात घ्या' जरा जास्त म्हणा ना. आम्ही सारखे हरतो."

सरांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. पण फरशी नवीन होती, हलली नाही.

मॅडमनी झोळीतून हेडसरांनी आल्या आल्या दिलेला तक्ता काढला. "आणि हा 'मान' काय आहे?"

"आदर," हेडसर चटकन म्हणाले. "बाईंना कमी पडतोय."

"आदर कसा मोजलात?"

हेडसरांनी सरांकडे बघितलं. दाराशी बाई होत्या. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, खाली फरशीकडे बघत होत्या. सरांना एकदम वाटलं, शहाण्णव गेलेच आहेत, आता हिचा वर्ग तरी जाऊ नये.

"आदर नाही, मॅडम!" ते जवळजवळ ओरडलेच. "मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. तिथून मुलांच्या नुसत्या माना दिसत होत्या. मी माना मोजल्या!"

"माना?" हेडसर म्हणाले. "मानाचं अनेकवचन होत नाही, सर. मान एकवचनी..." आणि ते थांबले. ओठ हलले. बोटं नकळत कॉलरच्या मागे गेली. "मान, माना. वेल, वेली... छे, भिंत, भिंती... मान, माना." त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! म्हणजे स्त्रीलिंगी!"

"तेच मी त्या दिवशी सांगत होतो!"

"मग नीट सांगायचं ना! मी तुम्हाला उशी सांगितली!"

मॅडमनी दोघांनाही हातानं थांबवलं. "बाई," त्या दाराकडे वळून म्हणाल्या, "तुमचा तास घेता?"

बाई आत आल्या. खडू फळ्यावर टेकला तेव्हा त्याचा टोकाचा तुकडा पडला. त्यांनी एक गणित लिहिलं. दुकानदारानं आधी भाव शेकडा वीस वाढवला आणि मग शेकडा वीस कमी केला, तर भाव होता तेवढाच झाला का? "मला वाटतं, झाला," बाई म्हणाल्या. "कुणाला वेगळं वाटत असेल तर दाखवा."

आणि वर्गाच्या माना खाली गेल्या.

सर भिंतीपाशी होते, त्यामुळे या वेळी त्यांना चेहरे दिसत होते. कुणाची जीभ दातांत. कुणाच्या कपाळाला आठी. एक मुलगी आपलंच उत्तर खोडून रागानं त्याच्याकडे बघत होती. बाई एका बाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि एका मुलाला म्हणत होत्या, "हे कसं काढलंस? मला नाही कळलं, परत सांग." तो मुलगा बाईंना समजावत होता, हातवारे करून, अगदी मोठ्या माणसासारखा, आणि समजावता समजावता त्याची चूक त्यालाच सापडली. "ए, नाही होत तेवढाच!" तो ओरडला. चारी बाजूंनी भांडण सुरू झालं. मॅडम एका वहीवर वाकल्या होत्या. हेडसरसुद्धा एका बाकावर ओणवे होऊन "पण वीस गेले आणि वीस आले, तर फरक कसला?" असं एका मुलीला विचारत होते आणि ती त्यांना "सर, शंभर धरून बघा ना!" असं दटावत होती.

सर नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात, आणि वर तीन आठवडे त्याच खोलीत बसूनही, आपली बायको कशी शिकवते हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज वाटली, आणि दोन्हींचं प्रमाण काही त्यांना मोजता आलं नाही.

तास संपल्यावर हेडसर बाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, सहावी तुमचीच. ग्रंथालयाचं मी काही बोललो होतो, ते विसरा. आणि त्या पडद्याचं काय करायचं, तेही तुम्हीच सांगा."

बाईंनी डोळे पुसले. मग जरा विचार केला. "आठवड्यातून एक तास राहू दे. नाहीतर चेंडूचं कसं ठरायचं?"

मॅडम हसल्या. जाता जाता त्या सरांजवळ थांबल्या. "आणखी एक सत्र देते. माहिती पुन्हा गोळा करा. या वेळी मागे बसू नका."

"मग कुठे बसू, मॅडम?"

"ते बाईंना विचारा," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी जाताना सर म्हणाले, "मी फार गाढवपणा केला."

"केलात," बाई म्हणाल्या.

"तू नाही म्हणशील असं वाटलं होतं."

"पण ओरडलात ते बरं केलंत." बाईंनी हातातली पिशवी त्यांच्या हातात दिली. भांडण मिटलं, हे सरांना कळलं.

"मग येऊ का पुन्हा तुझ्या वर्गात?"

"या. पण कागद नको, पेन नको, मोजणं नको. आधी नुसते मुलांत बसा. सगळे करतील ते करा."

दुसऱ्या दिवशी सर मॉनिटरच्या शेजारी बसले. बाकात शिरायला मुलांनीच मदत केली. बाईंनी फळ्यावर गणित लिहिलं. एका टाकीला दोन नळ आणि खाली एक भोक. सरांनी आधी जरा कौतुकानं इकडेतिकडे बघितलं, कोण काय करतंय ते पाहिलं. मग उगाच एक आकडा मांडला. मग दुसरा. मग ते भोक त्यांना छळायला लागलं. त्यांनी मॉनिटरचं खोडरबर ओढून घेतलं, एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. घंटा झाली. बाक वाजले, मुलं बाहेर पळाली, मैदानातून आरडाओरडा ऐकू येऊ लागला. बाईंनी फळा पुसला, खडू डब्यात ठेवले आणि मागे वळून बघितलं. सर वहीत डोकं घालून बसले होते.

"अहो, तास संपला."

"थांब गं! एवढं होऊ दे!"

बाई थांबल्या. शेवटी सरांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि लहान मुलासारखी वही त्यांच्यापुढे धरली. बाईंनी ती नीट वाचली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

उत्तर चुकलं होतं.